छाप मारणे आणि छाप पडणे

आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण दुकानदाराला तिला फसवणं कधी जमलं नाही. दात घासायची काळी पूड संपली की ती मला बजावायची, "माकडछापच आण. माकड नीट बघून घे." एकदा खेळायच्या घाईत मी दुसरीच डबी उचलून आणली. रंग तोच, आकार तोच, किंमत थोडी कमी. आजीने डबी डोळ्यांजवळ धरली, पदराने तिच्यावरची धूळ पुसली, चित्रावरून अंगठा फिरवला आणि डबी माझ्या हातात परत दिली. "यावर माकड कुठंय? जा, बदलून आण."

ती पूड कुठे बनते, कोण बनवतं, कंपनीचं नाव काय, यातलं काहीही आजीला ठाऊक नव्हतं. बनवणाऱ्यालाही आमची आजी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. दोघांच्या मध्ये एवढंसं चित्र होतं, आणि त्या चित्राच्या भरवशावर ती वर्षानुवर्षं पैसे मोजत होती. व्यवसायाचं बोधचिन्ह, ज्याला आपण आज सर्रास लोगो म्हणतो, ते नेमकं काय काम करतं हे समजून घ्यायला मला त्या डबीपाशी परत जावंसं वाटतं.

आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे: छाप. घोडाछाप, कंदीलछाप, गायछाप, माकडछाप. आणि याच शब्दाला आपण दोन क्रियापदं जोडतो. वस्तूवर छाप मारतात आणि माणसावर छाप पडते. मारणं हे करणाऱ्याच्या हातात असतं. ठसा तयार करा, शाई लावा, दाबा, झालं. पडणं मात्र त्याच्या हातात नसतं. ते समोरच्याच्या मनात घडतं आणि त्याला वेळ लागतो. लोगोचं सगळं शास्त्र, त्याचं आकर्षण, त्याचं काळाबरोबर बदलणं, या दोन क्रियापदांच्या मधल्या अंतरात सामावलेलं आहे. चित्रकार छाप मारून देतो. ती पाडण्याचं काम धंद्याला स्वतःच्या वागणुकीने, रोज, करावं लागतं.

हे जरा सावकाश उलगडून पाहू.

छाप मारण्याची गरज मुळात का पडली? माल बनवणारा आणि घेणारा एकाच गावात होते तोवर तिची गरज नव्हती. कुंभार कोण हे ठाऊक असे, मडकं फुटलं तर त्याच्या दारात जाता येई. माल लांबून येऊ लागला आणि हे नातं तुटलं. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्यांचं कापड गाठी भरभरून मुंबईच्या बंदरात उतरत होतं. ते देशभर जायचं, आणि घेणाऱ्यांच्या लिप्या वेगळ्या, बोली वेगळ्या, आणि बहुतेकांना तर वाचताच येत नसे. मग कापडाच्या तागावर रंगीत चित्रांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या जाऊ लागल्या. लक्ष्मी, हत्ती, वाघ, आगगाडी. पुढे आपल्याकडच्या गिरण्यांनीही हीच रीत उचलली. हत्तीचं कापड एकदा चांगलं निघालं की पुढच्या वेळी गिऱ्हाईक हत्तीच मागायचं.

खुणेला अशी किंमत आली की तिची चोरीही होते. म्हणून कायदा आला. ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी १ जानेवारी १८७६ रोजी सुरू झाली, आणि पहिली नोंद झाली ती बास या मद्य बनवणाऱ्या कंपनीच्या लाल त्रिकोणाची. साधा, भरीव, लाल त्रिकोण. आपल्याकडे ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट १९४० साली झाला आणि नोंदणीचं मुख्य कार्यालय मुंबईत आलं. कायदा चिन्हावरचा तुमचा हक्क सांभाळतो. तेवढ्याने ते चिन्ह लोकांना आपलंसं वाटू लागत नाही. नोंदणीच्या दप्तरात हजारो चिन्हं सुखरूप आहेत, आणि कुणाच्याही मनात नाहीत.

आता पुढचा प्रश्न. लोकांच्या मनात बसणाऱ्या चिन्हात असं काय असतं? आपल्याला वाटतं, त्यात खोल अर्थ असणार. धंद्याचा आणि चित्राचा काहीतरी मार्मिक संबंध असणार. अनुभव थोडा वेगळा आहे. १९३१ साली गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला. सुरुवातीच्या पुडीवर, टिकल्यांवर घोड्याची छाप होती. नंतर फाउंटन पेनाच्या शाईला नाव मिळालं कॅमल, आणि कॅमल व इंक मिळून झालं कॅमलिन. आता उंटाचा आणि शाईचा काय संबंध? कोकणात उंट दिसत नाही, गिरगावातही नाही. तरी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना उंट म्हटला की वाळवंटाआधी कंपासपेटी आठवते. पत्र्याचं झाकण उघडताना होणारा तो टक्क आवाज, आत कर्कटक, कोनमापक, अर्धी झालेली पेन्सिल आणि खोडरबराचा वास. उंटात हा अर्थ आधी नव्हता. तो परीक्षांच्या वर्गांनी, चित्रकलेच्या तासांनी, न गळणाऱ्या पेनांनी तिथे आणून ठेवला.

ग्रामोफोनच्या तबकडीचंही तसंच. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराने निपर नावाच्या कुत्र्याचं चित्र काढलं. मूळ चित्रात कुत्रा ऐकत होता तो एडिसनच्या पद्धतीचा फोनोग्राफ. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र घ्यायचं ठरवलं तेव्हा बॅरोने तो रंगाने झाकून त्यावर कंपनीचं पितळी कर्ण्याचं यंत्र रंगवून दिलं. म्हणजे त्या जगप्रसिद्ध चिन्हाचा जन्मच मुळी एका दुरुस्तीतून झाला. आपल्या घरांत ते चित्र तबकडीच्या मधोमध बसून गरगर फिरायचं. ज्या घरात कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्या घरातही तो कुत्रा देवघराशेजारच्या खोलीत मानाने फिरत होता, कारण त्याच्याभोवती नाट्यपदं होती, भावगीतं होती, ओळखीचे आवाज होते. तबकडी निवडताना हात आपोआप त्या चित्राकडे जायचा. चित्राला मोल चढलं ते गाण्यांमुळे.

नायकीची ती प्रसिद्ध फटकाऱ्यासारखी रेघ १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने काढली. तिला मोबदला मिळाला ३५ डॉलर. कंपनीचे संस्थापक फिल नाइट यांना ती रेघ तेव्हा फारशी भावलीही नव्हती, पण कदाचित पुढे आवडू लागेल म्हणून त्यांनी ठेवली. पुढे त्या रेघेच्या मागे खेळाडू धावले, जिंकले, आणि रेघेला वेग आला. अमेरिकेतले थोर संकल्पनकार पॉल रँड, ज्यांनी आयबीएमसारख्या कंपन्यांची चिन्हं घडवली, ते हेच सांगत आले: चिन्हाला अर्थ मिळतो तो ते ज्या वस्तूवर आहे तिच्या गुणवत्तेकडून. उलटं होत नाही.

याचा अर्थ चित्रकाराचं काम हलकं आहे असा कुणी घेऊ नये. चिन्हाचं भांडं रिकामं जन्मतं हे खरं, पण ते गळकं असून चालत नाही. त्यात अर्थ टिकला पाहिजे. आणि इथे कौशल्याचा खरा कस लागतो.

एक चिन्ह जवळून पाहू. भारतीय स्टेट बँकेचं. एक भरीव निळं वर्तुळ. त्याच्या मध्यभागी एक छोटं पांढरं वर्तुळ. त्या छोट्या वर्तुळातून सरळ खाली, बाहेरच्या काठापर्यंत उतरणारी एक पांढरी पट्टी. संपलं. १९७१ च्या सुमारास अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शेखर कामत यांनी ते घडवलं. बांगडी, नाणं आणि काडी एवढ्यावर कुणालाही ते वाळूत काढता येईल. पाटीवर आठ फुटांचं करा किंवा पासबुकाच्या कोपऱ्यात मसुराएवढं करा, ते तेच राहतं. रबरी शिक्क्यात एका शाईत उमटतं. शिक्का वाकडा पडला, शाई फासली, तरी ओळखू येतं. भाषा कोणतीही असो, ते तसंच वाचलं जातं.

आणि वाचलं काय जातं? कुणी म्हणतं, कुलपाचं भोक आहे, म्हणजे सुरक्षितता. कुणी म्हणतं, अहमदाबादच्या कांकरिया तलावाचा नकाशा. कुणी सांगतं, मोठ्या बँकेच्या केंद्रस्थानी उभा असलेला छोटा माणूस. या सगळ्या गोष्टी एकाच वेळी फिरत राहिल्या आणि चिन्हाला त्यांच्यामुळे काडीचाही धक्का लागला नाही. कारण गावातल्या निवृत्त शिक्षकाला त्या वर्तुळाचा अर्थ विचारलात तर तो यातलं काहीच सांगणार नाही. तो म्हणेल, "तिथं माझी पेन्शन येते." तोच त्या चिन्हाचा खरा अर्थ. तो मावावा म्हणून वर्तुळात जागा मोकळी होती, हे कामतांचं मोठेपण.

१ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या. त्या वेळी बँकेने आपलं दर्शनी रूप ताजं केलं. रंगाची मांडणी बदलली, अक्षरं बदलली. वर्तुळ आणि पट्टी मात्र जागच्या जागी राहिली. ही निवड फार शहाणपणाची होती, आणि ती का शहाणपणाची होती हे कळलं की चिन्हाने काळाबरोबर कसं बदलावं हेही कळतं.

जुनी चिन्हं पुढे पुढे कशी बदलत गेली ते ओळीने मांडून पाहिलं तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. रेघा कमी होत जातात. शेल कंपनीचं उदाहरण घ्या. ही कंपनी काढणाऱ्या घराण्याचा मूळ व्यापार लंडनमध्ये शोभेचे शिंपले विकण्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी चिन्ह घेतलं ते मसल जातीच्या शिंपल्याचं, खऱ्यासारखं काढलेलं, आणि १९०४ मध्ये पंख्यासारख्या पसरट शिंपल्याचं. तेव्हा त्यावर छायाप्रकाश होता, प्रत्येक कंगोरा निगुतीने काढलेला होता. दशकामागून दशक तो शिंपला सोपा होत गेला. १९७१ साली रेमंड लोवी यांनी त्याला आजचं रूप दिलं: लाल काठ, पिवळा रंग, मोजक्या रेघा. पुढे तर शेल हे नावही चिन्हाशेजारून गळालं. अ‍ॅपलचं पहिलं चिन्ह, १९७६ सालचं, म्हणजे झाडाखाली बसलेला न्यूटन, भोवती चौकट आणि मजकूर, जुन्या पुस्तकातल्या चित्रासारखं. वर्षभरात ते गेलं आणि रॉब जॅनॉफ यांचं चावा घेतलेलं सफरचंद आलं. चावा अशासाठी, की लहान आकारात ते चेरी वाटू नये. सहा रंगांचे पट्टे होते, १९९८ पासून तेही गेले. राहिली ती नुसती बाह्यरेषा.

असं का होतं? एक कारण तंत्राचं आहे. चिन्हाला पूर्वी पाटीवर, डब्यावर, वर्तमानपत्रात उमटायचं होतं. आज त्याला मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढ्या चौकोनात बसायचं असतं. तिथे छायाप्रकाश आणि वेलबुट्टी यांचा चिखल होतो. पण दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि ते माणसांच्या ओळखीसारखं आहे. नवीन माणूस दारात आला की तो पूर्ण नाव सांगतो, गाव सांगतो, कुणाचा कोण ते सांगतो. ओळख वाढली की नुसती हाक पुरते. घरच्या माणसाचं तर जिन्यावर पाऊल वाजलं तरी कळतं. चिन्हाचंही तेच. ओळख जसजशी मुरते तसतसं सांगणं कमी करता येतं. म्हणूनच आज उघडलेल्या दुकानाने मोठ्या कंपनीची नक्कल करून नुसती एक रेघ पाटीवर लावली की ती मुकी वाटते. साधेपण त्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं कमावलेलं असतं. ते उसनं आणता येत नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न: चिन्ह बदलावं कधी? माझं उत्तर असं, की आधी धंदा बदलावा, मग चिन्ह. बजाज ऑटोचं पाहा. पुण्याजवळ आकुर्डीला बनणारी स्कूटर ही एका पिढीची कौटुंबिक गाडी होती. पुढे मुलगा उभा, मागे पत्नी, तिच्या मांडीवर धाकटी, पायाशी भाजीची पिशवी. जुनं षट्कोनी चिन्ह त्या भरवशाचं होतं. मग काळ फिरला, तरुणांना मोटरसायकल हवी झाली, कंपनीने २००१ साली पल्सर आणली आणि ती धडाक्यात चालली. कारखान्यातून बाहेर पडणारी वस्तूच वेगळी झाली. त्यानंतर, २००४ मध्ये, षट्कोन जाऊन झेपावणारं इंग्रजी ‘बी’ अक्षर आलं. ते घडवलं पुण्याच्याच एलिफंट डिझाइनने. लोकांनी ते स्वीकारलं, कारण रस्त्यावर जे आधीच घडलं होतं तेच ते चिन्ह सांगत होतं.

एशियन पेंट्सचा गट्टूही असाच. कपाळावर बटा, हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला तो खट्याळ पोरगा आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली रेखाटला. त्या काळी रंग म्हणजे डबा, आणि डबा कोणता घ्यायचा ते बहुतेकदा रंगारीच ठरवत. गट्टू त्यांचा सोबती होता. पुढे घरमालक स्वतः रंग निवडू लागले, कंपनी डब्याऐवजी घराविषयी बोलू लागली, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला गट्टू निवृत्त झाला. मला त्याचं जाणं आजही चटका लावतं. पण ते अकारण नव्हतं, हे मान्य करावं लागतं.

याच्या उलट घडलं गॅप या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीचं. ऑक्टोबर २०१० मध्ये त्यांनी वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बसलेला निळा चौकोन बाजूला सारला आणि नवं चिन्ह आणलं. कपडे तेच, दुकानं तीच, विकण्याची रीत तीच. नवी होती ती फक्त छाप. गिऱ्हाइकांनी इतका संताप व्यक्त केला की आठवड्याभरात जुना चौकोन परत आणावा लागला. राग कशाचा होता? चिन्ह कागदोपत्री कंपनीचं असतं, पण त्यात साठलेल्या आठवणी गिऱ्हाइकाच्या असतात. न विचारता त्या पुसल्या की त्याला आपल्या घरातली वस्तू कुणी उचलून नेल्यासारखं वाटतं. स्टेट बँकेने वर्तुळाला हात लावला नाही, त्याचं मोल इथे कळतं. अक्षर आणि रंग बँकेचे होते, वर्तुळ मात्र लोकांचं झालं होतं.

शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेचा उल्लेख केल्याशिवाय हे निरूपण मला पुरं करता येत नाही. ती अष्टकोनी आहे, संस्कृत आहे, आणि तिच्यातला मजकूर स्वतःची तुलना प्रतिपदेच्या चंद्रकोरीशी करतो. पौर्णिमेच्या चंद्राशी करत नाही. आज बारीक दिसणारी, दिसामासांनी वाढत जाणारी कोर. छाप मारताना इतका नेमका विचार क्वचितच कुणी केला असेल. मुद्रा सांगते की माझं तेज पुढे वाढायचं आहे आणि जग मला पुढे मान देणार आहे. ते तेज मुद्रेच्या आठ कोनांनी आणलं नाही. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, असं सैन्याला बजावणाऱ्या राज्यकारभाराने आणलं.

आज तालुक्याच्या गावी बचतगटाची ताई लोणचं विकायला काढते, एखादा तरुण गुऱ्हाळाचा सेंद्रिय गूळ पिशव्यांत भरतो, कुणी केक करतं, कुणी दूध घरपोच देतं. सगळ्यांना लोगो हवा असतो आणि तो हवाच. त्यांच्यासाठी या सगळ्याचं सार थोडक्यात सांगतो. चिन्ह असं करून घ्या की ते फोनवर एका वाक्यात सांगता येईल. "पिवळ्या पाटीवर लाल बैल आहे बघा, तेच दुकान." ते एका शाईच्या रबरी शिक्क्यात उमटवून बघा. त्यात दिसलं तर फ्लेक्सवर दिसेलच. आठ-दहा वर्षांच्या पोराला एकदा दाखवा आणि दुसऱ्या दिवशी आठवून काढायला सांगा. त्याला जे आठवलं तेच तुमचं चिन्ह, बाकीचं काढून टाका. शेजारच्या मोठ्या कंपनीसारखं दिसेल असं काही करू नका. त्याने तुमचं चांगलं काम तिच्या खात्यावर जमा होतं. आणि एकदा ठरवलं की दर दिवाळीला बदलू नका. तुम्हाला त्याचा कंटाळा येईल तेव्हा गिऱ्हाइकाला ते नुकतं कुठे ओळखीचं वाटू लागलेलं असेल.

मग रोज त्या चिन्हाखाली चांगला माल भरा. वजन पुरं द्या. बिघडलेली बरणी कुरकुर न करता बदलून द्या. आमची आजी गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण प्रत्येक गावात, प्रत्येक दुकानात ती अजून उभी आहे. ती पदराने धूळ पुसून तुमचं चित्र बघते आहे. चित्र चांगलं आहे म्हणून ती एकदा घेईल. दुसऱ्यांदा घेईल ती आतल्या मालामुळे.